पडक्या घराचें मोल

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. घर बांधणाराची त्रेधा त्या म्हणींत आली; परंतु दुसऱ्यानें बांधलेलें, जुनें झालेलें आणि मोडकळीस आलेलें घर जो विकत घेतो, त्याची त्रेधा तींत आली नाहीं. नवें घर बांधणाराला निदान एवढें ठाऊक असतें कीं, आरंभीं आपल्या हातीं मोकळ्या जागेवांचून कांहीं नाहीं. जुनें घर घेणाराच्या पुढें मात्र भिंती असतात, छप्पर असतें, दारें-खिडक्या असतात; आणि यांपैकीं खरोखर किती आहे व नुसतें दिसतें किती, हें ओळखण्यावर त्याच्या व्यवहाराचें सारें यशापयश अवलंबून असतें. गिलाव्याखालची भेग, तुळईच्या पोटांतली कीड, पायाखालीं मुरणारें पाणी, यांचा उल्लेख विक्रीच्या कागदांत सहसा नसतो. दुरुस्तीला किती लागेल, हा प्रश्न घराच्या किंमतीइतकाच जुना आणि तिच्याहून अवघड आहे.

या प्रश्नाचा इतिहास प्राचीन रोममध्यें जितका स्पष्ट दिसतो, तितका तो क्वचितच दुसरीकडे दिसेल. याला दोन कारणें आहेत. एक म्हणजे रोम हें पडणाऱ्या घरांचें शहर होतें. आणि दुसरें असें कीं, तेथील शिल्पज्ञ, कायदेपंडित व तत्त्वचिंतक या तिघांनींही या पडझडीचा हिशेब लिहून ठेवला आहे.

इ. स. पूर्व पहिल्या शतकांत रोमची वस्ती एवढी दाटली होती कीं, बाजूला पसरण्यास वाव नसल्यामुळें शहर वर चढूं लागलें. मजल्यावर मजले चढवून बांधलेल्या भाड्याच्या इमारतींना रोमन लोक ‘इन्सुला’ म्हणजे ‘बेट’ असें म्हणत. मुंबईची चाळ ज्यानें पाहिली आहे त्याला या इमारतींची कल्पना सहज येईल. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूस दुकानें, वर बिऱ्हाडांच्या खोल्या, आणि जसजसें वर जावें तसतशी वस्ती गरीब. ऑगस्टस बादशहाच्या काळीं लिहिणाऱ्या स्ट्रेबो या भूगोलकारानें नमूद केलें आहे कीं, रोममध्यें बांधकाम कधीं थांबतच नाहीं. कारण घरें कोसळतात, घरें जळतात आणि घरें पुनःपुन्हा विकलीं जातात. विक्री ही सुद्धां एक प्रकारची ऐच्छिक पडझडच आहे, असा त्याचा मार्मिक अभिप्राय आहे. कारण नवा मालक आला कीं तो जुनें पाडून आपल्या मनाजोगतें बांधतो. अखेर सार्वजनिक रस्त्यालगतच्या नव्या इमारती ७० फुटांहून उंच नसाव्यात असा निर्बंध ऑगस्टसनें घातला, आणि पुढें ट्रेजन बादशहानें तो ६० फुटांवर आणला.

अशा शहरांत पडक्या घरांचा बाजार भरला नसता तरच नवल. त्या बाजारांतील सर्वांत मोठा गिऱ्हाईक म्हणजे मार्कस क्रासस. पुढें हा क्रासस पाँपी आणि सीझर यांच्या बरोबरीचा सत्ताधारी झाला व इ. स. पूर्व ५३ मध्यें पार्थियन लोकांशीं लढतांना मारला गेला. त्याच्या संपत्तीचें रहस्य प्लुटार्क या चरित्रकारानें सांगितलें आहे. इमारतींच्या बोज्यामुळें आणि दाटीमुळें रोमला आग व पडझड हीं जणूं जन्माचींच लागलेलीं आहेत, हें क्राससच्या ध्यानीं आलें. त्यानें शिल्पज्ञ आणि गवंडी असे गुलाम विकत घेण्यास आरंभ केला. त्यांची संख्या ५०० च्या वर गेली, तेव्हां तो जळतीं घरें आणि त्यांच्या शेजारचीं घरें विकत घेऊं लागला. एका बाजूला ज्वाळा, दुसऱ्या बाजूला उद्यांची अनिश्चितता. अशा स्थितींत मालक क्षुल्लक किंमतीला घर सोडून देत. रोमचा फार मोठा भाग अशा रीतीनें त्याच्या हातीं आला, असें प्लुटार्क म्हणतो.

या व्यवहारांत दुष्टपणा किती होता हा प्रश्न बाजूस ठेवून त्यांतील हिशेब पाहण्यासारखा आहे. जळक्या घराच्या मालकाला दुरुस्तीचा खर्च मोजतां येत नव्हता. घाबरलेल्या माणसाला तो नेहमींच अफाट वाटतो. क्राससला तो मोजतां येत होता, कारण मोजणारे आणि बांधणारे दोघेही त्याच्या घरचेच होते. कोणती भिंत अजून भार घेईल, कोणती पाडावीच लागेल, हें त्याचे कारागीर सांगूं शकत. आणि मजुरीसाठीं त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागत नसे. विकणाराचें अज्ञान आणि घेणाराचें ज्ञान यांमधील अंतर हाच त्याचा नफा होता. मौज अशी कीं, या क्राससनें स्वतःसाठीं आपल्या राहत्या घरापलीकडे कांहीं बांधलें नाहीं. ज्यांना बांधकामाची हौस आहे त्यांना शत्रूची गरज नाहीं, ते आपले आपणच बुडतात, असें तो म्हणत असे. पांचशें कारागिरांच्या धन्याचें हें मत घर घेऊं इच्छिणारानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

परंतु ज्याच्या पदरीं कारागिरांचा ताफा नाहीं अशा सामान्य गृहस्थानें काय करावें? त्याला उपयोगी पडेल असें ज्ञान व्हिट्रुव्हियस या शिल्पज्ञानें ऑगस्टसच्या काळीं आपल्या दहा भागांच्या वास्तुग्रंथांत लिहून ठेवलें आहे. त्यांतील एक नियम तर इतका व्यवहारी आहे कीं, तो वाचतांना एखादा जुना जाणता गवंडीच बोलत आहे असें वाटावें. दोन घरांमधील सामाईक भिंतीचें मोल ठरवावयाचें असल्यास, चुन्यांत गोटे घालून केलेली भिंत तिच्या मूळ खर्चाच्या किंमतीला धरूं नये. बांधकामाचा करार काढून पाहावा, मूळ रक्कम घ्यावी, आणि लोटलेल्या प्रत्येक वर्षामागें तिचा ऐंशींवा भाग वजा करावा. अशी भिंत ऐंशीं वर्षांहून अधिक टिकणार नाहीं, हाच त्याचा अर्थ. समजा, भिंतीला ८०० सेस्टर्स लागले होते आणि तिला ३० वर्षें झालीं. तर ३०० गेले आणि ५०० उरले. भिंत कितीही गुळगुळीत दिसो, गिलावा कितीही ताजा असो, तिचें वय तिच्या किंमतींतून वजा झालेंच पाहिजे. उलट विटांच्या भिंतीला तो वेगळा न्याय लावतो. ती जोंवर ओळंब्यांत उभी आहे, तोंवर तिच्या मूळ किंमतींतून कांहींही कापूं नये.

या दोन नियमांत जुन्या घराच्या परीक्षेचें सार आलें आहे. पहिला नियम सांगतो, वय विचारा. दुसरा सांगतो, ओळंबा सोडून पाहा. परंतु रोमच्या दुर्दैवानें व्हिट्रुव्हियसला पसंत असलेल्या विटांच्या भिंती शहरांत उभारणेंच कठीण झालें होतें. सामाईक भिंतीची जाडी दीड फुटाहून अधिक नसावी असा कायदा होता, आणि उन्हांत वाळविलेल्या विटांची एवढ्या जाडीची भिंत एका मजल्याहून अधिक भार पेलीत नसे. मजले तर चढवावयाचेच होते. तेव्हां जागा वांचविण्याच्या पायीं टिकाऊपणा गेला.

आंतल्या कुडाच्या भिंतींवर तर व्हिट्रुव्हियसचा विशेष राग आहे. कुडाची युक्ति मुळींच कोणाला सुचली नसती तर बरें झालें असतें, असें तो म्हणतो. कूड लवकर होतो आणि थोडक्यांत होतो हें खरें. पण आगीच्या वेळीं तो पेटत्या मशालीसारखा ठरतो, आणि गिलाव्यांतून त्याचे उभे-आडवे दांडे ओल पिऊन फुगतात व वाळून आकसतात, म्हणून वरचा गिलावा फुटतो. म्हणजे गिलाव्यावर उभ्या-आडव्या भेगा दिसल्या तर आंत काय आहे हें घेणारानें ओळखावें. दारावरील तुळई मधोमध दबली तर वरची भिंत तडकते, म्हणून तुळईचा भार हलका करण्यासाठीं वर कमान घालावी. पावसाळ्यांत माती पाणी पिऊन फुगते व पायाच्या भिंतींना रेटते, म्हणून तेथें धिरे बांधावे. खालची भिंत ओल धरीत असेल तर चुन्यांत वाळूऐवजीं विटकरीची पूड, म्हणजे आपल्याकडची सुरखी, मिसळून गिलावा करावा. आणि तेवढ्यानेंही भागत नसेल तर आंतून दुसरी पातळ भिंत घालून मधल्या पोकळींतून पाणी बाहेर काढून द्यावें, असे उपाय तो सांगतो. यांतील प्रत्येक उपाय म्हणजे दुरुस्तीच्या अंदाजपत्रकांतील एकेक ओळच होय.

अंदाजपत्रक करणें एक आणि तें खरें ठरणें दुसरें. याविषयीं व्हिट्रुव्हियसनें आपल्या शेवटल्या भागाच्या आरंभीं एफेसस या ग्रीक नगराचा एक प्राचीन कायदा दिला आहे. तेथें सार्वजनिक काम हातीं घेणाऱ्या शिल्पज्ञाला खर्चाचा आंकडा आधीं सांगावा लागे. तो आंकडा अधिकाऱ्याच्या स्वाधीन होई आणि काम पुरें होईपर्यंत शिल्पज्ञाची मालमत्ता तारण राही. काम सांगितल्या खर्चांत झालें तर त्याचा सन्मान होई. खर्च चौथ्या हिश्शापर्यंत वाढला तर ती भर सरकारी तिजोरींतून पडे. परंतु चौथाईच्या वर जें जाईल तें शिल्पज्ञाच्या मालमत्तेंतून वसूल होई. रोममध्यें केवळ सार्वजनिक नव्हे, तर खासगी बांधकामांनाही असा कायदा असता तर किती बरें झालें असतें, असा उद्गार तो काढतो. कारण अंदाजावर विसंबून काम काढलेले गृहस्थ अर्ध्यावरच दिवाळखोर होतात, हें त्यानें पाहिलें होतें. शंभराचा अंदाज असेल तर सव्वाशें हाताशीं ठेवावे, हा व्यवहार त्या कायद्यानें मान्य केला होता. मात्र सव्वाशांच्या पुढें गेलेली चूक ही चूक न मानतां तो अपराध मानीत असे.

जो पैसा देणार त्याचा अंदाज आणि जो घेणार त्याचा अंदाज यांत किती अंतर पडतें, याचा अनुभव सिसेरो या वक्त्याला आला. इ. स. पूर्व ६२ मध्यें त्यानें पॅलाटाइन टेकडीवरचें एक घर ३५ लाख सेस्टर्सना घेतलें. विकणारा होता तोच क्रासस. चार वर्षांनीं सिसेरोला देशोधडीस जावें लागलें आणि त्याच्या वैऱ्यांनीं तें घर पाडून टाकलें. इ. स. पूर्व ५७ मध्यें तो परतला, तेव्हां नुकसानभरपाई म्हणून या घराच्या इमारतीचें मोल कॉन्सलांनीं २० लाख ठरविलें, टस्कुलमच्या बंगल्याचें ५ लाख आणि फॉर्मियाच्या बंगल्याचें अडीच लाख. पहिला आंकडा त्याला मान्य होता. दुसरे दोन अगदींच कृपणपणाचे आहेत, अशी तक्रार त्यानें आपल्या अॅटिकस या मित्राला लिहिलेल्या पत्रांत केली आहे.

रोमन कायदेपंडितांनीं या अनिश्चिततेची वांटणी करण्याचा जो प्रयत्न केला, तो आजही विचार करावयास लावतो. शेजाऱ्याचें घर आपल्यावर कोसळेल अशी भीति असेल, तर पडण्याची वाट न पाहतां शेजाऱ्याकडून आधींच जामीन मागतां येई. त्यानें नाकारल्यास न्यायाधिकारी मागणाराला त्या घरांत ताब्यासाठीं प्रवेश देई. म्हणजे पडकें घर घेणाराला स्वतःच्या भिंतींबरोबर शेजाऱ्याच्या भीतीचाही हिशेब धरावा लागे. घर विकलें गेलें आणि मागाहून कळलें कीं तें त्यापूर्वींच जळालें होतें, दोघांनाही तें ठाऊक नव्हतें, तर काय? सगळें जळालें असेल तर जागा शिल्लक असूनही विक्री झालीच नाहीं, असें मत पॉलस या पंडितानें नोंदविलें आहे. अर्ध्याहून अधिक जळालें असेल तर घेणारावर सक्ति नाहीं. अर्धें किंवा त्याहून कमी जळालें असेल तर त्यानें तें घेतलेंच पाहिजे. मात्र एखाद्या सज्जन माणसाच्या निवाड्यानें नुकसानीचा अंदाज करून तेवढी रक्कम किंमतींतून वजा व्हावी.

भाडेकऱ्याचा प्रश्नही सुटला नव्हता. एकानें सबंध इमारत ३० ला भाड्यानें घेतली व खोल्या पोटभाड्यानें देऊन ४० उभे केले. मालकानें इमारत मोडकळीस आली आहे असें सांगून ती पाडली. अल्फेनस या पंडिताचा निर्णय असा कीं, पाडणें खरोखर अपरिहार्य असेल तर जेवढे दिवस राहतां आलें नाहीं तेवढ्यांचें ३० च्या हिशेबानें भाडें सोडावें. पण अधिक चांगली इमारत बांधण्याच्या लोभानें पाडली असेल, तर भाडेकऱ्याचें बुडालेलें सारें उत्पन्न मालकानें भरून द्यावें. ‘घर धोक्याचें आहे’ हें वाक्य कधीं सत्य असतें व कधीं सबब असतें, हें त्या काळींही लोक ओळखून होते.

तरीही एक प्रश्न कायद्याच्या पलीकडे उरतोच. विकणाराला घराचे दोष ठाऊक आहेत. त्यानें ते सांगावे काय? सिसेरोनें इ. स. पूर्व ४४ मध्यें कर्तव्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यांत हाच प्रश्न घेतला आहे. एक सज्जन माणूस घर विकत आहे. घर रोगट आहे, लोकांना तें निरोगी वाटतें. निजण्याच्या खोल्यांत साप निघतात. लांकूड खराब आहे, घर पडावयास झालें आहे. आणि हें एका मालकावांचून कोणाला माहीत नाहीं. त्यानें मुकाट्यानें विकलें तर तो अन्याय होय काय? बॅबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, घेणारावर कोणीं जबरदस्ती केली नाहीं. त्यानें पाहून घ्यावें. न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखविणें हें पाप असेल, तर जाणूनबुजून दुसऱ्याला खड्ड्यांत उतरूं देणें हें त्याहून मोठें पाप आहे. सिसेरो आपला कौल अँटिपेटरच्या बाजूनें देतो.

त्याच्या पुष्टीसाठीं तो एक खटला सांगतो. क्लॉडियस सेंटुमॅलस याचें सीलियन टेकडीवर उंच घर होतें. किल्ल्यावरून शकुन पाहणाऱ्या पुरोहितांच्या दृष्टीच्या आड तें येई, म्हणून वरचा भाग पाडण्याचा हुकूम त्याला झाला. त्यानें हुकुमाविषयीं अवाक्षर न काढतां घर विकावयास काढलें. कॅल्पुर्नियस लानारियस यानें तें घेतलें. लगेच तोच हुकूम त्याच्यावर आला. त्यानें हुकुमाप्रमाणें पाडलें, आणि मग खरा प्रकार कळल्यावर फिर्याद केली. निवाडा मार्कस केटोकडे आला. प्रसिद्ध केटोचा हा पिता. विकतांना ठाऊक असून सांगितलें नाहीं, तेव्हां घेणाराचें नुकसान विकणारानें भरून द्यावें, असा त्याचा निकाल झाला. परंतु घेणारालाही या आश्रयाची मर्यादा होती. दुसऱ्या एका खटल्यांत ओराटा नांवाच्या गृहस्थानें स्वतःच पूर्वीं विकलेलें घर परत घेतलें आणि त्यावरील एक बोजा विकणारानें सांगितला नाहीं अशी तक्रार केली. जो दोष त्याला आधींच माहीत होता तो सांगावयाचा कशाला, असा प्रतिपक्षाचा युक्तिवाद होता.

ज्या वर्षीं सिसेरो हें लिहीत होता, त्याच वर्षाच्या एप्रिलांत त्यानें अॅटिकसला पुटिओलीहून एक पत्र धाडलें होतें. तेथें त्याचीं कांहीं भाड्याचीं दुकानें होतीं. त्यांतलीं दोन कोसळलीं, बाकीच्यांना तडे गेले. भाडेकरीच काय, उंदीरसुद्धां निघून गेले, असें तो विनोदानें लिहितो. लोक याला आपत्ति म्हणतात, पण आपल्याला ती साधी गैरसोयही वाटत नाहीं, असें म्हणून तो तत्त्वज्ञानाचे आभार मानतो. मात्र त्याच दमांत हेंही सांगतो कीं, व्हेस्टोरियस या सावकाराच्या सल्ल्यानें पुनर्बांधणीची अशी योजना आंखली आहे कीं, त्यायोगें हें नुकसानच फायद्याचें ठरेल. पडणाऱ्या घरांत साप असल्याचें सांगावें हें शिकविणारा आणि पडलेल्या दुकानांतून नफा काढणारा, असे दोघेही एकाच माणसांत नांदत होते. भिंतींना तडे जात असतांना त्यांच्या आड राहणाऱ्या भाडेकऱ्यांचें काय झालें, तें मात्र त्यानें लिहिलें नाहीं.

पुढें क्लॉडियस बादशहाच्या काळीं, इ. स. ४४ ते ४७ च्या दरम्यान, रोमच्या सीनेटनें एक ठराव केला. त्याचा मजकूर हर्क्युलेनियम येथें सांपडलेल्या धातूच्या पत्र्यावरून कळला. घर विकत घ्यावयाचें, पाडावयाचें आणि दगड-लांकूड विकून दिलेल्या किंमतीहून अधिक कमवावयाचें, असा धंदा कांहीं लोकांनीं मांडला होता. असें करणारानें दिलेल्या किंमतीच्या दुप्पट रक्कम सरकारी तिजोरींत भरावी, असें सीनेटनें ठरविलें. शांततेच्या काळांत युद्धानंतरच्या उद्ध्वस्तपणासारखें दृश्य दिसूं नये, हा त्यामागचा हेतु होता. मोडलेल्या घराची किंमत उभ्या घराहून अधिक ठरूं लागली तर नगराचें नगरपणच संपेल, हें सीनेटला पटलें होतें.

पडक्या घराचें मोल ठरवितांना रोमन लोकांनीं जे प्रश्न विचारले, त्यांत फारशी भर पडलेली नाहीं. भिंतीचें वय काय, ती ओळंब्यांत आहे काय, ओल कोठून येते, अंदाज चुकला तर भर कोण घालणार, विकणारा काय सांगत नाहीं, आणि छपराखालीं आज कोण राहत आहे. पहिल्या तिहींचीं उत्तरें गवंडी देतो, पुढल्या दोहोंचीं कायदा देतो. शेवटच्या प्रश्नाचें उत्तर मात्र घर घेणाराला स्वतःलाच द्यावें लागतें. आणि तें दिल्यावांचून घराचा कोणताही हिशेब पुरा होत नाहीं.